पेन्सिलनं लिहिलेलं निगेटिव्ह

मागच्या महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रावर तपासणीचं पथक आलं होतं. त्यातल्या एका साहेबांनी प्रयोगशाळेचं जुनं रजिस्टर उघडलं आणि मला हाक मारली. "सिस्टर, सरकारी रजिस्टरमध्ये पेन्सिल? आणि हे खोडलंय कुणी?" मी म्हणाले, "ते बडेमामांचं आहे." साहेबांना त्यातून काय कळणार. त्यांनी शेरा मारला, चहा घेतला आणि गेले. मी मात्र ते रजिस्टर कपाटात परत ठेवताना बराच वेळ हातात धरून उभी राहिले, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

शिरूर कासारच्या पट्ट्यात आमचं केंद्र आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं माहेर लिंबागणेशचं, नोकरीनं मला इकडं आणून टाकलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. मी आले तेव्हा बडे हे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून इथं आधीपासून होते. उंच, कमरेत जरासे वाकलेले, आणि सूक्ष्मदर्शकात बघून बघून उजवा डोळा कायमचा बारीक झालेला. कुणाशीही बोलताना तो डोळा असा मिटायचा की नव्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ आपली थट्टा करतोय. लहान पोरांचं बोट टोचायच्या आधी ते म्हणायचे, "भ्यायचं न्हाई, मी तुझा मामा हाय." पोर मामाकडं बघेपर्यंत काम झालेलं असायचं. त्यावरून अख्खा तालुका त्यांना मामा म्हणायचा, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन दिसायचं आणि पेनाशेजारी बोटभर उरलेली पेन्सिल. हिवतापाची काचपट्टी बघितली आणि जंतू सापडला, तर ते सरळ पेनानं लिहायचे. सापडला नाही तर पेन्सिलनं. मग बशीत चहा ओतून फुंकून फुंकून प्यायचे आणि तीच काचपट्टी पुन्हा बघायचे. दुसऱ्यांदाही काही दिसलं नाही तर पेन्सिलीवरून पेन फिरवायचे. मी नवी असताना एकदा वैतागून म्हणाले होते, "मामा, एकदा बघितलं ना, नाही म्हणजे नाही."

"न्हाई असं न्हाई, सिस्टर," ते म्हणाले. "घावला न्हाई. न्हाई म्हणाया आपुन कोण?"

हा फरक त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. रुग्णाला सांगतानाही "तुम्हाला मलेरिया नाही" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "आज घावला न्हाई. ताप आला तर परवा परत या." लोक कुरकुरत जायचे. सिरसाळ्याहून सासुरवाडीला आलेला एक आडत दुकानदार तीन दिवसांत तीनदा आला. चौथ्यांदा येताना त्यानं भांडायचीच तयारी ठेवली होती आणि नेमका चौथ्यांदा जंतू सापडला. मामांनी त्याला आत बोलवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. "बघा, तीन दिस ह्यो आपल्याला चुकवीत होता," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो बघून दुकानदारही हसला.

मग कोरोना आला. त्या दिवसांबद्दल आता सगळेच एका सुरात बोलतात, म्हणून मी फार लिहीत नाही. दूधवाल्यानं आमच्या क्वार्टरला दूध घालणं बंद केलं होतं आणि माझ्या सख्ख्या नणंदेनं फोनवरून सांगितलं होतं की, इतक्यात येऊ नका. प्लास्टिकचा तो अंगभर पोशाख घालून भर उन्हाळ्यात मामा केंद्राच्या ओसरीवर उभे राहायचे. हातमोजे काढले की त्यांतून घाम ओतायचा. घशातला नमुना ते घ्यायचे, आणि मी शेजारच्या टेबलावर यादीतलं नाव वाचून नळीला चिठ्ठी चिकटवायची, असं आमचं काम होतं. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून लांबच्या प्रयोगशाळेत जायच्या आणि उत्तर यायला कधी दोन, तर कधी पाच दिवस लागायचे.

आमच्याकडची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. पहिल्या लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात एक टोळी परत आली, तिला गावाबाहेरच्या शाळेत ठेवलं. वरून आदेश आला, टोळीचे नमुने घ्या. मुकादमानं यादी दिली. यादीत चौदा नावं होती. वरून नळ्याही चौदाच आल्या. मी नावं वाचली, माणसं एकेक करून पुढं आली, मामांनी नमुने घेतले. तास-दीड तासात काम उरकलं. शाळेच्या मागच्या अंगाला चुली पेटल्या होत्या, भाकरीचा वास येत होता. चार दिवसांनी चौदाही अहवाल निगेटिव्ह आले आणि टोळी आपापल्या वस्तीवर गेली. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठ-दहा दिवसांनी त्यातल्याच एका वस्तीवरून एका म्हातारीला बाजेवर घालून आणलं. धाप इतकी होती की, तिला नाव सांगता येईना. आमच्याकडचा ऑक्सिजनचा एक सिलेंडर लावला, गाडीला फोन केला. गाडी यायच्या आत ती आमच्या ओसरीवरच गेली. लेक आणि सून ऊसतोडीला गेले की नातवंडं सांभाळत मागं राहिलेली ती म्हातारी. सहा महिने तिनं गावची वेससुद्धा ओलांडली नव्हती.

मामा सुनेला बाजूला घेऊन विचारू लागले. कांता तिचं नाव.

"टोळीत कुणाला ताप आलता?"

"मलाच आलता, शाळेत असताना. एक दिस. गोळी घेतली, उतरला."

"मंग तुझ्या नमुन्यात कसा न्हाई घावला?"

"माझा कुठं घेतला? ह्यांचा घेतला की."

"तुझा कावून न्हाई?"

"यादीत माझं नाव कशाला आसल, मामा?" कांता म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात आणि कोयत्याला नाव असतं नवऱ्याचं. मुकादमाची यादी पिढ्यान्‌पिढ्या अशीच असते. चौदा नावं म्हणजे अठ्ठावीस माणसं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत होतं, मामांना माहीत होतं, यादीवर सही करणाऱ्यांना माहीत होतं. नळ्या पाठवणाऱ्या साहेबांना माहीत नव्हतं, पण ते सांगायचं काम आमचं होतं. यादी वाचायची इतकी सवय झाली होती की, चुलींचा धूर डोळ्यांत जात असतानाही त्या चुलींपाशी कोण बसलंय, हे आम्ही कुणी वळून पाहिलं नाही. नावं मी वाचली होती. बाईमाणूस असून एकाही बाईचं नाव वाचलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मामा ओसरीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "माझी माय अठरा हंगाम तोडायला गेलती, सिस्टर. मी उसाच्या पाचटातच रांगलो. एकाबी यादीत तिचं नाव न्हवतं. दुसऱ्या कुणाला न्हाई कळलं तरी मला कळाया पायजे होतं."

वस्तीवर आणखी वेगळंच सुरू झालं होतं. कांतानंच रोग आणला, सासूला खाल्लं, असं लोक उघड बोलू लागले होते. तिला पाण्यावर जाऊ देत नव्हते. घरच्यांचे नमुने घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा मामांनी पोशाख चढवायच्या आधी, तोंडाला फडकं बांधून, गल्लीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "ऐका. चूक माझी हाय. हिला ताप आलता, हिला मी तपासली न्हाई. तपासली आसती तर म्हातारी वाचली आसती. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मी हितंच उभा हाय." एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "जाऊ द्या मामा, व्हायाचं ते झालं." मामांनी त्याला हातानंच गप्प केलं. तशी समजूत त्यांना नको होती. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कांता हंडा घेऊन विहिरीकडं चालली होती.

त्यानंतर मामा बदलले. पहिलं म्हणजे निगेटिव्हवर पेन फिरवायचं त्यांनी बंद केलं. निगेटिव्ह आठ दिवस पेन्सिलनंच राहायचं. आठ दिवसांनी ते रजिस्टर घेऊन फोन करत बसायचे, माणूस धडधाकट असल्याचं स्वतःच्या कानानं ऐकायचे आणि मग पेन. आमचे डॉक्टर नवे होते, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. ते चिडायचे, "मामा, हे रेकॉर्ड आहे, शाळेची पाटी नाही." मामा शांतपणे म्हणायचे, "साहेब, घावला तर त्यो हाय, त्यात बदल न्हाई. न घावलेल्याचं आठ दिसानं पक्कं करू."

दुसरं म्हणजे, माणूस समोर आला की, पहिला प्रश्न ठरलेला. "जोडीदारीण कुठंय?" बाई आली तर "जोडीदार कुठंय?" आणि दोन बोटं वर. पुढच्या वर्षी टोळ्या परतल्या, तेव्हा मुकादम नेहमीसारखी यादी घेऊन आला. मामांनी ती उलटी करून त्याच्यापुढं ठेवली.

"मागल्या अंगाला बायांची नावं लिव्ह."

"मामा, उगं कावून वाढवता? बायांना काय झालंय?"

"आरं, तुझा ऊस एकटा गडी तोडतो काय? मोळ्या कोण बांधतं? डोक्यावर वाहून कोण नेतं? लिव्ह. आन्‌ बाया आधी येतील."

बाया आधी आल्या. स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं जातंय, याचीच त्यांना गंमत वाटत होती. एकीचं नाव मी वाचलं तर ती जागची हलेना. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं, "आगं, तूच हायस ती." सगळ्या हसल्या. त्या बत्तीस बायांत सहा जणींना कोरोना निघाला. बऱ्या होईपर्यंत त्या घरी गेल्या नाहीत, आणि त्या सहा घरांतल्या म्हाताऱ्या आजही कुठं ना कुठं बाजारात मला भेटतात.

तोवर पंधरा मिनिटांत उत्तर देणारे अँटिजेनचे किट आले होते. एक रेघ निगेटिव्ह, दोन रेघा पॉझिटिव्ह. सगळ्यांना सोय झाली आणि मामांची झोप गेली. कारण ते किट पॉझिटिव्ह दाखवी तेव्हा खरं बोले, पण निगेटिव्ह दाखवी तेव्हा त्याचा भरवसा नसे. लक्षणं असून एकच रेघ आली, तर दुसरा नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, असा नियम होता. लोकांना मात्र एक रेघ दिसली की देव पावल्यासारखं व्हायचं. पंचक्रोशीतले एक पुढारी, आबा, मुलीच्या लग्नासाठी बारा जणांना गाडीत घालून घेऊन आले. सगळ्यांची निगेटिव्ह सर्टिफिकेटं पाहिजेत म्हणाले. मामांनी तपासलं, बाराही निगेटिव्ह आले, आणि प्रत्येक कागदावर मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आज सापडला नाही.' आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"ह्ये काय, मामा? आज म्हंजी?"

"आज म्हंजी आज, आबा. लगीन परवा हाय न्हवं?"

आबांनी डॉक्टरांकडं तक्रार केली. डॉक्टरांनी मामांना बोलावून झापलं आणि दुसरे कागद करून दिले. लग्न झालं. त्याचं पुढं काय झालं, ते मी लिहीत नाही. आबा स्वतः वाचले, एवढंच सांगते.

त्या लग्नानंतर डॉक्टर मामांचं ऐकू लागले. एक रेघ आलेल्या माणसाला मामा तसाच घरी सोडत नसत. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचे आणि आमच्या आवारातल्या कडुलिंबाभोवती सहा मिनिटं चालवायचे. "कागद ऱ्हाऊ द्या, माणूस चालवून बघा," हे त्यांचं पालुपद. चालून आकडा घसरला की, रेघा कितीही असोत, गोळ्या सुरू आणि गाडीला फोन. लिंबाभोवती एक गोल वाट पडली होती. किती जण त्या वाटेनं चालून वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

एका सकाळी मामा नेहमीपेक्षा उशिरा आले. मोटारसायकल लावली आणि सीटला धरून उभेच राहिले. मी हाक मारली तर म्हणाले, "आलो, आलो." आत आले आणि आपल्या खुर्चीवर न बसता रुग्णाच्या स्टुलावर बसले.

"सिस्टर, आज मी ह्या बाजूला."

डब्यात दोनच किट उरले होते. नवे दुपारी यायचे होते. मी त्यांच्या नाकात काडी जेमतेम टोकापुरती घातली. त्यांनी माझं मनगट धरून काडी आणखी आत ढकलली. "भ्यायचं न्हाई," म्हणाले. पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या किटकडं बघत बसलो, मामा, डॉक्टर आणि मी. एकच रेघ आली. डॉक्टरांचा चेहरा उजळला. मामा हसले.

"साहेब, घावला न्हाई. चालवा मला."

ते लिंबाखाली गेले. एक चक्कर झाली. दुसऱ्या चकरेत ते थांबले आणि झाडाला हात लावून उभे राहिले. यंत्रावरचा आकडा मला दिसू नये म्हणून त्यांनी मूठ मिटली होती. डॉक्टरांनी ती उघडून बघितली आणि गाडीला फोन लावायला आत गेले.

मी प्रयोगशाळेसाठी त्यांचा दुसरा नमुना घेतला, त्यांना ऑक्सिजन लावला. आत डॉक्टर फोनवर मोठ्या दवाखान्याशी भांडत होते. पॉझिटिव्ह असेल तर कोरोनाच्या वॉर्डात खाट, निगेटिव्ह असेल तर अहवाल येईपर्यंत संशयितांच्या हॉलमध्ये. ऑक्सिजनची लाइन वॉर्डात होती, हॉलमध्ये फिरते सिलेंडर. "अहो, कागद राहू द्या, माणूस बघा," डॉक्टर ओरडत होते. ते कुणाचे शब्द आहेत, हे त्यांना त्या वेळी कळलंही नसेल.

तेवढ्यात सुमनमामी, म्हणजे मामांच्या बायको, पिशवी घेऊन पुतण्याच्या गाडीवरून आल्या. पिशवीत चादर, टॉवेल, फडक्यात बांधलेल्या भाकरी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतानाच मामांनी मला दोन बोटं दाखवली. मला कळलं. शेवटचं किट मी हातात घेतलं.

"माझा कशाला?" मामी म्हणाल्या. "मला काय झालंय? तुमचा घेतला की."

मामांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "सुमन, बस तिथं."

पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. दोन रेघा, ठळक. मामी धड होत्या, जरा अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं इतकंच. दोघं एकाच गाडीतून गेली आणि तिथं पोचल्यावर दोन दारांनी आत गेली. धड चालणाऱ्या मामींना वॉर्डात खाट मिळाली, आणि ज्यांना धाप होती ते हॉलमध्ये राहिले. नंतर मामींनी मला सांगितलं, "भिंतीपलीकडं व्हते. खोकला वळखू यायचा मला त्यांचा. तिसऱ्या दिशी सकाळपासनं आलाच न्हाई." मामी बऱ्या होऊन आल्या. मामांचा प्रयोगशाळेतला अहवाल ते गेल्यावर दोन दिवसांनी आला. पॉझिटिव्ह.

एका रेघेमुळं मामा गेले असं मी म्हणत नाही. वॉर्डातलीही माणसं त्या दिवसांत पटापट जात होती, आणि त्या हॉलमधल्या नर्स माझ्यासारख्याच होत्या, त्यांनी हातचं राखलं नसणार. पण मला राग येतो. तो कुणावर काढायचा हे अजून कळलेलं नाही. बाकी सगळ्यांना जे त्यांनी ओरडून ओरडून सांगितलं, ते त्यांच्या वेळी ऐकायला तिथं कुणी नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही. कांता त्यांच्या दहाव्याला आली होती. मामींच्या पायाशी बसून राहिली.

मला मामा आठवतात ते गाडीतले. गाडी आवारात उभी होती. मामी आत चढल्या होत्या, ड्रायव्हर दार लावायला मागं आला होता. मामांनी त्याला हातानं थांबवलं, मास्क खाली ओढला आणि खिसा चाचपला. बोटभर पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

"हिचं पेनानं लिव्हा," ते म्हणाले. दम खाऊन पुढं म्हणाले, "माझं पेन्सिलनं."

मी मान हलवली. त्यांचा उजवा डोळा नेहमीसारखा बारीक झाला होता. दार लागलं, गाडी लिंबाला वळसा घालून रस्त्याला लागली. मी आत जाऊन रजिस्टर उघडलं, मामींचं पेनानं लिहिलं आणि मामांच्या नावापुढं त्यांच्याच पेन्सिलनं लिहिलं, 'निगेटिव्ह'. पाच दिवसांनी ते खोडून पेनानं लिहिलं. साहेबांनी विचारलं ते खोडलेलं माझ्या हातचं आहे.